डिझेलमध्ये ॲडिटिव्ह टाकायचे की नाही? आधी टाकीचा तळ बघा

तुम्ही लिहिले आहे की तुमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक जुना बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमांचा) टिपर, खनिजाच्या कामासाठी घेतलेला. दुसरा नवा बीएस-६ दहाचाकी, वास्कोहून बेळगावकडे माल नेणारा. जुन्याचा पिकअप गेला आहे आणि सकाळी तो स्टार्ट व्हायला कुरकुरतो. नव्याचे ॲव्हरेज पावसाळ्यापासून उतरले आहे. दुकानदाराने दोन्ही गाड्यांसाठी एकाच ॲडिटिव्हच्या, म्हणजे डिझेलमध्ये मिसळायच्या रसायनाच्या, बाटल्या दिल्या. ड्रायव्हर म्हणतो टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, घाला. तिसरा कोणीतरी म्हणतो की ही सगळी फसवणूक आहे, काहीच घालू नका. शिवाय जून ते सप्टेंबर टिपर उभा राहतो, तेव्हा टाकीत काही घालून ठेवावे का, हेही तुम्ही विचारले आहे.

थेट सांगतो. नव्या गाडीत काहीही घालू नका. जुन्या गाडीत चांगले डिटर्जंट, म्हणजे मळ सोडवणारे, ॲडिटिव्ह घातले तर नुकसान नाही, थोडा फायदाही होईल, पण तुम्ही सांगता तो त्रास एवढ्याने जाईल असे मला वाटत नाही. आणि दोन्ही गाड्यांच्या बाबतीत बाटलीचे झाकण उघडण्याआधी टाकीचा ड्रेन नट उघडा. फोंडा परिसरात मी इतकी वर्षे पंप-नोझलचे, म्हणजे इंजिनाला डिझेल दाबून देणारा पंप आणि ते फवारणारा नोझल यांचे, काम करतो आहे. बेंचवर येणाऱ्या खराब नोझलांत डिझेलच्या दर्जामुळे गेलेले थोडे असतात, पाण्यामुळे गेलेले फार. गोव्यात डिझेलचे दुखणे म्हणजे बहुतेक वेळा पाण्याचे दुखणे. बाजारातल्या निम्म्या बाटल्या या दुखण्यावर काहीच करत नाहीत, आणि काही तर ते वाढवतात.

पाणी येते कुठून ते आधी बघू. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. टाकीच्या झाकणाचा रबर कडक झालेला असतो, झाकणाच्या खोलगट भागात पाणी साचते आणि गाडी हलली की आत झिरपते. ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याची, नळी निखळलेली असेल तर चाकाने उडवलेले पाणी तिथून जाते. साइटवर पिंपातून डिझेल भरायची सवय असेल तर उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या वरच्या पत्र्यावर पाणी साचते आणि बुचाच्या आट्यांमधून आत उतरते. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ थंड होऊन पाणी सुटते, हेही खरे. पण लोक सगळा दोष या वाफेला देतात आणि फाटका रबर तसाच ठेवतात. वाफेचे पाणी थेंबाथेंबाने येते, झाकणातले कपाने येते.

डिझेलचे मानक आहे आयएस १४६०. त्यात पाण्याची कमाल मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. एवढे पाणी डिझेलमध्ये दिसतसुद्धा नाही. त्याच्या वरचे पाणी खाली बसते आणि टाकीच्या तळाशी थर करते. तिथूनच सगळे सुरू होते. टाकीचा पत्रा आतून गंजतो, गंजाचे कण फिल्टरकडे जातात. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळीवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. बुरशीला राहायला पाणी लागते आणि खायला डिझेल, दोन्ही तिथे हाताशी. आपल्या उष्ण, दमट हवेत तिला आणखी काही नको. तिच्यातून आम्ल तयार होते, ते पत्रा आणखी खाते.

हे स्वतः बघा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्टर मारण्याआधी खाली काचेची स्वच्छ बरणी धरून ड्रेन नट सैल करा आणि पहिले लिटरभर त्यात घ्या. बरणी उन्हात ठेवून अर्धा तास थांबा. डिझेल चांगले असेल तर वरून खालपर्यंत एकसारखे स्वच्छ दिसते, बरणीमागचे वर्तमानपत्र वाचता येते. पाणी असेल तर तळाशी गढूळ थर दिसतो आणि त्याची वरची रेघ स्पष्ट असते. बुरशी असेल तर त्या रेघेवर काळपट-तपकिरी, बुळबुळीत पापुद्रा तरंगतो. बरणी हलवली की तो फाटतो, पण विरघळत नाही. कधी सडक्या अंड्यासारखा वासही येतो. हे सगळे बघून मगच काय विकत घ्यायचे ते ठरवा. काढलेले पाणी गटारात किंवा विहिरीच्या अंगाला ओतू नका, डब्यात भरून टाकाऊ ऑइलवाल्याला द्या.

या पाण्याने नोझलचे काय होते ते आमच्या बेंचवर दिसते. नोझलची सुई आणि बॉडी यांच्यात जागा असते दोन-तीन मायक्रॉनची. सुई स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून बॉडीत घालायची, एक तृतीयांश वर ओढायची आणि सोडायची. ती आपल्या वजनाने सावकाश खाली बसली पाहिजे. पाणी गेलेल्या नोझलची सुई मध्येच अडते. भिंगाखाली धरली तर तिच्या टोकाच्या बसकेवर तपकिरी ठिपके दिसतात आणि ठिपक्याजवळ खळगा पडलेला असतो. असा नोझल टेस्टरवर लावला की फवारा सुटण्याआधीच टोकाला थेंब जमतो. तो थेंब सिलिंडरमध्ये नीट जळत नाही. धूर होतो, पिकअप जातो, सकाळी इंजिन रडते. तुम्ही लिहिलेली लक्षणे तंतोतंत हीच आहेत. खळगा पडलेल्या लोखंडावर कुठलीही बाटली लोखंड परत चढवत नाही. त्याला नोझल बदलणे हाच उपाय.

आता बाटल्यांकडे येतो. ‘ॲडिटिव्ह’ ही एक वस्तू नाही. एका नावाखाली निदान सात-आठ वेगवेगळ्या कामांची रसायने विकली जातात, आणि लेबलवर बहुतेक वेळा ‘मायलेज वाढवा, धूर घटवा, इंजिन साफ’ एवढेच मोठ्या अक्षरांत असते. आत काय आहे हे बारीक अक्षरांतही नसेल तर ती बाटली घेऊ नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

पाण्यासाठी म्हणून जी बाटली मिळते तिच्यात दोन परस्परविरुद्ध जाती असतात आणि हा फरक फार थोड्यांना माहीत असतो. एक जात पाण्याला डिझेलपासून वेगळे करते, म्हणजे ते लवकर खाली बसते आणि सेपरेटरमध्ये, म्हणजे फिल्टरआधीच्या पाणी अडवणाऱ्या वाटीत, पकडले जाते. दुसरी जात पाण्याचे बारीक थेंब करून ते डिझेलमध्ये मिसळून टाकते. दुसरी घातली की बरणीत पाणी दिसेनासे होते, मालक खूश होतो. पण ते पाणी गेलेले नसते. ते आता इतके बारीक झालेले असते की सेपरेटर त्याला अडवू शकत नाही आणि ते सरळ पंपात, तिथून नोझलच्या टोकाला जाते. नोझलचे टोक प्रचंड तापलेले असते, तिथे थेंबाची एकदम वाफ होते आणि टोक फुटूही शकते. अल्कोहोल असलेल्या बाटल्याही याच रांगेतल्या. त्या पाणी ओढून घेतात, डिझेलचा वंगणगुण कमी करतात आणि लवकर पेट घेतात. ‘पाणी जाळून टाकते’ असा दावा दिसला की बाटली परत ठेवा. पाणी जळत नाही. ते ड्रेन नटातूनच बाहेर काढायचे असते.

बुरशी मारणारे औषध, म्हणजे बायोसाइड, ही वेगळी गोष्ट आहे. बरणीत पापुद्रा दिसला असेल तरच ते वापरायचे. आधी पाणी पूर्ण काढायचे, मग लेबलवर दिलेल्या मापाने टाकीतल्या एकूण डिझेलच्या हिशोबाने घालायचे, हातमोजे घालून, कारण ते विषारी असते. एक-दोन दिवस काम करू द्यायचे. मेलेली बुरशी कुठे जात नाही, ती फिल्टरमध्ये येऊन अडकते. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन-तीन फिल्टर खर्ची पडतील असे धरूनच चाला. टाकीत जाड थर असेल तर औषधाच्या नादी न लागता टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी, तेच स्वस्त पडते.

डिटर्जंट हा या सगळ्यात खरा कामाचा प्रकार. नोझलच्या छिद्रांभोवती कार्बन बसतो, फवाऱ्याचा आकार बिघडतो. डिटर्जंट तो कार्बन सैल करते आणि नवा बसू देत नाही. हे नुसते बोलणे नाही. युरोपात डीडब्ल्यू-१० नावाच्या इंजिनावर याची ठरलेली चाचणी आहे. त्या चाचणीत डिझेलमध्ये मुद्दाम अगदी थोडे जस्त मिसळतात, दहा लाख भागांत एक भाग एवढेच, कारण तेवढ्याने नोझलवर थर बसून इंजिनाची ताकद घटलेली मोजता येते. मग डिटर्जंट घालून ती ताकद परत येते का ते बघतात. चांगल्या डिटर्जंटने ती बरीच परत येते. तेल कंपन्यांच्या प्रीमियम डिझेलमध्ये, म्हणजे एक्स्ट्राग्रीन, टर्बोजेट वगैरेंमध्ये, अशी ॲडिटिव्ह मापात मिसळलेली असतात. तुम्हाला डिटर्जंटच हवे असेल तर मी बाटलीपेक्षा अधूनमधून एक-दोन टाक्या प्रीमियम डिझेल भरायला सांगेन. माप चुकत नाही आणि कंपनीची जबाबदारी असते.

त्या चाचणीतल्या जस्तावरून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती आपल्या गावांत सर्रास होते. घरी किंवा साइटवर डिझेल साठवायला गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे पिंप वापरू नका. त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि डिझेल हळूहळू ते जस्त उचलते. तांब्याच्या नळ्या आणि पितळी कॉकसुद्धा साठवणुकीत नकोत, तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होते. साधे लोखंडी किंवा इंधनासाठी बनवलेले प्लास्टिकचे पिंप घ्या, आडवे ठेवा, वर छप्पर असू द्या, आणि हातपंपाची नळी तळापासून चार बोटे वर राहील असे करा.

जुन्या, मळलेल्या टाकीत डिटर्जंट पहिल्यांदा घालताना एक काळजी घ्यायची. ते फक्त नोझल साफ करत नाही, नळ्यांतला आणि टाकीतला चिकट मळही सोडवते. अनमोड घाटात चढावर, मागे गाड्यांची रांग आणि फिल्टर चोक, असा प्रसंग नको असेल तर पहिली टाकी सपाटीच्या कामावर संपवा आणि केबिनमध्ये एक फिल्टर आणि पाना ठेवा.

सीटेन वाढवणारे ॲडिटिव्ह आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी आहे. सीटेन म्हणजे डिझेल किती पटकन पेट घेते त्याचे माप. आयएस १४६० प्रमाणे आपल्या डिझेलचे सीटेन किमान ५१ असते आणि ते पुरेसे आहे. थंड प्रदेशात सकाळचा पांढरा धूर कमी करायला सीटेन वाढवल्याचा उपयोग होतो. गोव्यात सकाळी गाडी लागत नसेल तर बॅटरी, कॉम्प्रेशन, नोझल, किंवा नळीतून हवा घेणे यांपैकी काहीतरी आहे. तीच गोष्ट गोठण थांबवणाऱ्या ॲडिटिव्हची. लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल काढावे लागले. मोले-धारबांदोड्याला त्याची गरज नाही. बाटलीवर हिमाच्छादित डोंगराचे चित्र असेल तर ती बाटली तुमच्यासाठी बनवलेली नाही.

टू-टी ऑइलबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण ड्रायव्हरमंडळींचा त्यावर फार विश्वास आहे आणि तो विश्वास अगदीच हवेतला नाही. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक बरेच असे. बीएस-३ मध्ये दहा लाख भागांत ३५० भाग, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ मध्ये फक्त १०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही नैसर्गिक वंगण-घटकही निघून जातात. जुन्या पंपाचे एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, डिझेलच्याच वंगणावर चालते, म्हणून लोकांना वाटले की कोरड्या डिझेलने पंप खाल्ला जाईल, वरून तेल घालू या. शंका बरोबर होती. पण तिचे उत्तर रिफायनरीतच दिले जाते. मानकात वंगणगुणाची वेगळी अट आहे: ठरलेल्या चाचणीत गोळीवर पडणारी झीज ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. ती अट पाळण्यासाठी लागेल तिथे वंगणाचे ॲडिटिव्ह कंपनीच घालते. पंपावरून घेतलेल्या चांगल्या डिझेलमध्ये ते आधीच असते. जुन्या टिपरमध्ये थोडे टू-टी गेले तर तो बंद पडणार नाही, पण मिळणारही काही नाही, आणि जादा तेलाचा कार्बन नोझलच्या टोकाला बसतो. बीएस-६ मध्ये मात्र ते अजिबात नको. त्याचे कारण पुढे सांगतो.

काढलेले जळके इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळणारेही मी बघितले आहेत. त्यात लोखंडाचा चुरा, काजळी आणि आम्ल असते. पंपाचे एलिमेंट त्याने घासून निघते. रॉकेल मिसळणे तर सरळ गुन्हा आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होते. तांत्रिक बाजूही तितकीच वाईट: रॉकेल डिझेलपेक्षा बरेच पातळ, त्यात वंगण कमी, पंप लवकर झिजतो. हायवेवर ‘बायोडिझेल’ म्हणून पंपापेक्षा बऱ्याच स्वस्त दराने टँकरमधून मिळणारे द्रव घेऊ नका. ते खरे बायोडिझेल असेलच असे नाही, आणि असले तरी मानकात साधारण सात टक्क्यांपर्यंतच बायोडिझेलला जागा आहे. बायोडिझेल पाणीही जास्त धरते, म्हणजे आपल्या हवेत दुप्पट त्रास.

डिझेलवरच शंका असेल तर पंपावर घनता तपासून मागा. ग्राहकाला तो हक्क आहे. पंपावर काचेचे नळकांडे, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतो. तपमानाप्रमाणे १५ अंशांवर आणलेला आकडा त्या दिवशीच्या नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त वर किंवा खाली असता कामा नये. एकाच विश्वासू पंपावर कायम भरणे आणि बिल जपून ठेवणे हे कुठल्याही ॲडिटिव्हपेक्षा मोठे काम करते. टँकर नुकताच खाली झाला असेल तर तासभर थांबून भरा, तळाचा गाळ बसू द्या.

आता तुमची नवी गाडी. तिच्यात कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (नोझल असलेल्या फवारणी-यंत्रांना) एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळते. जुन्या टिपरचा नोझल साधारण २०० ते २५० बारला उघडतो. कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. इंजेक्टर एका स्ट्रोकमध्ये अनेकदा उघडतो-मिटतो आणि हे सगळे काम्प्युटर ठरवतो. तिथे पाण्याचा एक घोट आणि जुन्या गाडीतला एक घोट यांची तुलनाच नको. धूर निघतो त्या बाजूला धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आहे. काजळी त्यात अधूनमधून आपोआप जाळली जाते, पण राख जळत नाही. टू-टी ऑइलमधले किंवा लोह असलेल्या ‘धूर कमी करणाऱ्या’ ॲडिटिव्हमधले धातू राख होऊन त्यातच बसतात आणि हळूहळू तो फिल्टर भरतो. तो साफ करणे किंवा बदलणे म्हणजे काय खर्च आहे ते सर्व्हिस सेंटरला विचारा. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये बाहेरचे ॲडिटिव्ह घालू नका असे लिहिलेले असते आणि वॉरंटीचा दावा याच मुद्द्यावर अडतो. मॅन्युअल काढून तेवढे पान वाचा.

बीएस-६ गाडीत यूरियाची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. पुष्कळ ड्रायव्हर यूरियालाही ॲडिटिव्ह समजतात, म्हणून हे नीट सांगतो. यूरियाचे पाणी डिझेलमध्ये घालायचे नसते. ते ३२.५ टक्के शुद्ध यूरिया आणि बाकी खनिजरहित पाणी असते. ते सायलेन्सरकडच्या गरम धुरात फवारले जाते आणि नायट्रोजनच्या विषारी वायूंचे साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत रूपांतर होते. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेले तर चावी फिरवू नका, इग्निशनही ऑन करू नका. ऑन केले की पंप ते पुढे ओढतो, यूरियाचे खडे होतात आणि टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळी लाइन जाते. गाडी तशीच टो करून न्या. तेव्हा टाकी धुण्याचा खर्च होतो, पण इंजेक्टर वाचतात. शेतातला यूरिया विरघळवून घरी बनवलेले पाणी तर चुकूनही नको. आपल्याकडे २०१५ पासून खताच्या यूरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे आणि ते तेल सायलेन्सरकडच्या, धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाचा नाश करते. विहिरीच्या पाण्यातले क्षारही तसेच. विकत घेतलेला यूरियासुद्धा उन्हात ठेवू नका. ३० अंशांखाली तो वर्षभर टिकतो, ३५ अंशांवर सहा महिनेच. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला कॅन माझ्या मते फेकण्यालायक.

नव्या गाडीचे ॲव्हरेज पावसाळ्यापासून उतरले म्हणता. त्याचे पहिले संशयित माझ्या दृष्टीने असे: टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि टर्बोची रबरी नळी. खनिजाच्या रस्त्यावरची लाल धूळ पावसात फिल्टरवर चिखलासारखी बसते आणि सुकली की दगड होते. फिल्टर आपटून किंवा जोरात हवा मारून साफ करू नका, कागदाला न दिसणारी भोके पडतात. नवाच घाला. टर्बोपासून इंजिनपर्यंतची नळी क्लिपजवळ बोटाने चाचपा. तेलकट ओलावा लागला तर तिथून हवा सुटते आहे. क्लच आणि ब्रेकही बघून घ्या. ब्रेक ओढत असेल तर चाकाचा हब हाताला तापलेला लागतो.

आणि मग हिशोब करा. समजा गाडी महिन्याला ४००० किलोमीटर चालते आणि ॲव्हरेज साडेतीन आहे, म्हणजे ११४० लिटरच्या आसपास डिझेल. ॲडिटिव्हचा खर्च लिटरला दीड रुपया धरला तर महिन्याला साधारण १७०० रुपये. डिझेल ९० रुपये धरले तर पैसे वसूल व्हायला १९ लिटर वाचले पाहिजेत, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. मालाचे वजन, घाटाच्या फेऱ्या, ड्रायव्हरचा पाय आणि पाऊस यांनी ॲव्हरेज यापेक्षा जास्त हलते. त्यामुळे बाटली घातल्यावर ‘गाडी हलकी वाटते’ असे ड्रायव्हर म्हणाला तरी त्यावरून काही ठरत नाही. खरे बघायचे असेल तर त्याच पंपावर, त्याच नळीखाली, टाकी काठोकाठ भरून सुरुवात करा, तीन महिने न घालता नोंद ठेवा, नंतर तीन महिने घालून ठेवा, आणि माल व मार्ग शक्यतो तेच असू द्या. बाटली विकणारे असा तक्ता दाखवत नाहीत. ड्रायव्हरला मात्र उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायची सवय सोडायला लावा. मोठे इंजिन नुसते घुरघुरत ठेवले तरी तासाला दोन लिटर सहज जातात, आणि महिन्याचे १९ लिटर तिथेच सुटतात.

जुन्या टिपरसाठी मी या क्रमाने जाईन. टाकीचा तळ काढून बरणीत बघायचा. झाकणाचा रबर नवा घालायचा, ब्रीदरची नळी वर बांधायची. दोन्ही डिझेल फिल्टर बदलायचे. फिल्टरच्या आधी स्वच्छ वाटी असलेला वॉटर सेपरेटर नसेल तर बसवून घ्यायचा. पैशाच्या मानाने याच्याइतके फायद्याचे काम दुसरे नाही. मग प्रायमिंग करून, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलून, नळीतली हवा काढायची आणि गाडी रात्रभर ठेवून सकाळी बघायची. नळीत कुठे हवा घेत असेल तर सकाळीच कळते: पंपापर्यंतचे डिझेल रात्री टाकीकडे परत गेलेले असते आणि हाताने दहा-पंधरा वेळा प्रायमिंग केल्याशिवाय गाडी लागत नाही. एवढे करूनही पिकअप आला नाही तर नोझल काढून टेस्टरवर बघा, त्यानंतरच पंप. पंप आधी सोडवणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. पुष्कळदा चांगला पंप उगाच उघडला जातो आणि दोष नोझलमध्ये असतो.

आता पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या टिपरबद्दल. हा प्रश्न गोव्याइतका इतरत्र क्वचितच कुणाला पडत असेल. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लिजेस रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा बंद झाल्या. डिचोली, साखळी, सांगे, उसगाव या पट्ट्यात ट्रक ओळीने उभे राहिले, अर्ध्या भरलेल्या टाक्यांसकट. नंतर ते रस्त्यावर आणताना पंपांची जी अवस्था आमच्यासमोर आली ती फार वाईट होती: एलिमेंट जाम, डिलिव्हरी व्हॉल्व्ह गंजलेले, टाकीच्या तळाला हाताने खरवडावा असा काळा लगदा. मालकांच्या डोक्यावर बँकेचे हप्ते होते, आणि वर हा खर्च. चार महिने उभी राहणारी गाडी इतकी बिघडत नाही, पण वाट तीच असते.

म्हणून मेअखेर हे करा. टाकीतले पाणी काढा आणि टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवेला आणि वाफेला जागा उरत नाही आणि पत्रा उघडा पडत नाही. या एका प्रसंगी बायोसाइडचे प्रतिबंधक माप घालायला माझी हरकत नाही, जुन्या गाडीत. घातल्यावर इंजिन वीस मिनिटे चालवा, म्हणजे औषध घातलेले डिझेल पंप आणि नोझलपर्यंत पोहोचते. झाकणावर प्लास्टिक बांधा. पावसात दर पंधरवड्याला इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवता आले तर उत्तम. दोन मिनिटे घुरघुरवून बंद करणार असाल तर त्यापेक्षा चालवू नका, कारण थंड इंजिनात पाणी साचते. ऑक्टोबरमध्ये कामावर काढण्याआधी तळाचे पहिले लिटरभर पुन्हा बरणीत घ्या, फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर फेकण्याआधी पत्रा कापून त्याचा कागद उलगडून बघा. कागद मधाच्या रंगाचा असेल तर निश्चिंतपणे गाडी काढा. काळा बुळबुळीत थर असेल तर दोन दिवस काम थांबवून टाकी उतरवा, आणि बरणी भरून मला आणून दाखवा.